निर्दोष सुटल्यावर सरकार भरपाई देते का?

न्यायालयाच्या आवारात पक्षकारांचे नातेवाईक मला हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि आता तुम्हीही विचारलात, म्हणून स्पष्टच सांगतो : तुरुंगात नाहक गेलेल्या वर्षांची भरपाई हक्क म्हणून मागता येईल, असा कायदा आपल्याकडे नाही.

पुरेसे कारण नसताना एखाद्याने पोलिसांकरवी दुसऱ्याला अटक करवली, तर त्याच्याकडून दंडाधिकारी भरपाई देववू शकतात. मात्र तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये असून, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेनेही, ती वाढवलेली नाही. खोटा खटला भरल्याबद्दल दिवाणी दावा लावता येतो. परंतु तो सुटकेपासून एका वर्षात लावावा लागतो आणि खटल्यामागची द्वेषबुद्धी सिद्ध करण्याचा भार सुटून आलेल्या माणसावरच पडतो. घर सावरायचे, रोजगार शोधायचा, की पुन्हा न्यायालयाची पायरी चढायची?

उरतो तो रिट अर्जाचा, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग. बिहारमधील रुदुल शाह यांना १९६८ मध्ये निर्दोष ठरवूनही १९८२ पर्यंत तुरुंगात ठेवले गेले, तेव्हा सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १९८३ मध्ये त्यांना ३०,००० रुपये अंतरिम भरपाई देवविली आणि हा मार्ग मोकळा झाला. तरीही रक्कम किती द्यावी, मुळात द्यावी की नाही, हे न्यायालयाच्या विवेकावरच अवलंबून राहिले.

आपल्या जालना जिल्ह्यातील २००३ च्या गुन्ह्याचे प्रकरण मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. भटक्या जमातीतील सहा मजुरांना २००९ मध्ये ज्या सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली, त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, आणि तरीही तपास त्या दिशेने नेला गेला नाही. राज्य शासनाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. सुमारे सोळा वर्षांच्या कैदेचा हिशेब केला, तर दिवसाला नव्वद रुपयेही पडत नाहीत. आदेश झाला हे मोलाचेच. पण फाशीच्या छायेत काढलेल्या वर्षांचे हे मोल मला मान्य नाही.

जपानमध्ये अशा कैदेच्या प्रत्येक दिवसाला १२,५०० येनपर्यंत भरपाई देण्याची तरतूद कायद्यातच आहे. आपल्या विधी आयोगानेही २०१८ च्या २७७ व्या अहवालात विशेष न्यायालये आणि भरपाईचा वैधानिक हक्क यांची शिफारस केली; कायदा मात्र झाला नाही. तो व्हावा, आणि अंतरिम रक्कम निर्दोषत्वाच्या निकालपत्रातच नमूद व्हावी, असे माझे ठाम मत आहे, कारण सुटलेल्या माणसाला पैशांची खरी निकड पहिल्या काही महिन्यांतच असते.

तोवर नातेवाइकांना मी एवढेच सांगतो की, निकालाची प्रमाणित प्रत आणि कैदेच्या कालावधीचा कारागृहाचा दाखला ताबडतोब मिळवा, वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा आणि दिवाणी दाव्याचे ते एक वर्ष उलटू देऊ नका.