आमची वाटचाल: शाहूपुरीतल्या एएमसीपासून राजारामपुरीतल्या लॅबपर्यंत

कोल्हापुरात आम्ही कंपन्यांतल्या आणि बँकांतल्या आयटीच्या माणसांना सायबर सुरक्षा शिकवतो, त्याची ही गोष्ट. जानेवारी 2018. सकाळी साडेसातला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा फोन आला. "सर, टॅली उघडंना झालंय. सगळ्या फायलींची नावंच बदलल्यात." मी पोचलो तोवर अकाउंट्सच्या ताई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. सर्व्हरवरच्या प्रत्येक फोल्डरात एक छोटी टेक्स्ट फाइल येऊन पडली होती आणि पैसे कुठे, कसे भरायचे ते तिच्यात लिहिलं होतं. बॅकअपची हार्डडिस्क बारा महिने सर्व्हरलाच जोडलेली असायची. तीही लॉक झाली होती.

ते नेटवर्क मीच उभं केलं होतं. मार्चएंडला ताईंना घरून काम करता यावं म्हणून राउटरवर 3389 पोर्टही, म्हणजे रिमोट डेस्कटॉपने बाहेरून आत यायचं दार, मीच उघडून दिला होता, आणि मार्च उलटून गेल्यावर बंद करायचा राहिला तोही माझ्याकडूनच. तेव्हा माझ्याकडे एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट होतं. पोर्टचे नंबर, हल्ल्यांचे प्रकार, व्याख्या, सगळं पाठ होतं. पण त्या सकाळी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला आणि नेमकं काय शोधायचं तेच मला सुचेना. कारण परीक्षेसाठी मी तो एकदाही उघडला नव्हता.

पैसे भरायचे नाहीत, असं मालकांनी ठरवलं. पुढचे तीन आठवडे त्यांच्या ऑफिसात कागदी बिलांच्या फायली काढून नोंदी परत मारल्या गेल्या. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. लॉगची, म्हणजे त्या नोंदींची, कॉपी घरी आणली होती, ती रात्री वाचायचो. 4625 म्हणजे चुकलेलं लॉगिन, त्याच्या हजारो ओळी. मग पहाटे पावणेतीनला एक 4624, म्हणजे जमलेलं लॉगिन, आणि त्यापुढे लॉगऑन टाइप 10. रिमोट डेस्कटॉपवरून आत आलेला माणूस. तिथून फायली लॉक होईपर्यंत दोन दिवस गेले होते. दोन दिवस तो आत होता आणि कुणीतरी बघितलं असतं तर हातात वेळ होता! त्याआधी किती दिवस तो दार ठोठावत होता, ते मात्र कधीच कळलं नाही. विंडोजचा सिक्युरिटी लॉग कुणी वाढवला नसेल तर 20 एमबीचाच असतो, भरला की जुन्यावर नवं लिहिलं जातं.

आमचा धंदा 2011 चा. मी आणि माझा मावसभाऊ, शाहूपुरीत व्हीनस कॉर्नरजवळ तळमजल्यावरचा गाळा. कॉम्प्युटर असेंबल करणं, केबलिंग, सीसीटीव्ही, वर्षाच्या एएमसी, म्हणजे देखभालीचे करार. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली लॉक करणारा व्हायरस आला तेव्हा आमच्या एकाही ग्राहकाला झळ बसली नाही आणि आम्ही निर्धास्त झालो. खरं तर मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच, म्हणजे विंडोजमधली दुरुस्ती, 14 मार्चलाच दिला होता आणि हल्ला झाला 12 मे रोजी. जवळजवळ दोन महिने मिळाले होते. आमच्या निम्म्या मशिनवर तो पॅच हल्ल्यानंतरच्या सोमवारपर्यंत नव्हता.

ट्रेनिंगचा विचार डोक्यात होताच, त्याला जोर आला ऑगस्ट 2018 मध्ये. पुण्यातल्या एका मोठ्या सहकारी बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यातले काही बनावट कार्डांनी आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही काढले गेले. मग 19 ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेचं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचं परिपत्रक आलं आणि आम्हाला फोन येऊ लागले. बहुतेकांची मागणी एकच, पॉलिसीचा कागद तयार करून द्या. आम्ही म्हणायचो, कागद देतो, पण तुमचा आयटीचा माणूस चार दिवस आमच्याकडे पाठवा. बऱ्याच जणांनी फोन ठेवून दिला. नोव्हेंबरात पहिली बॅच झाली ती सहा जणांची.

आपल्या भागातला आयटीचा माणूस कसा असतो ते इथल्या लोकांना सांगायला नको. फाउंड्रीत, पतसंस्थेत, सूतगिरणीत, साखर कारखान्यात तो एकटाच असतो. प्रिंटर अडकला तरी तोच, सर्व्हर बसला तरी तोच, चेअरमन साहेबांचा मोबाइल हँग झाला तरी तोच. त्याला सुट्टी मिळते सोमवारी, म्हणून आमची मुख्य बॅच सोमवारची. कारखान्यातली मंडळी गळीत हंगाम संपल्याशिवाय येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांची बॅच उन्हाळ्यात. शिकवणं मराठीतच. लॉगमधली ओळ इंग्रजी असली तरी ती बघून डोक्यात येणारा प्रश्न मराठीच असतो, आणि तो प्रश्न त्या माणसाने न लाजता विचारावा, एवढीच आमची इच्छा.

लॅब साधी आहे. तीन जुने सर्व्हर घेतले, त्यांवर प्रॉक्समॉक्स टाकलं, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशिन चालतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक छोटी कंपनी येते: सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर, फाइल सर्व्हर, दोन विंडोज मशिन, पुढे बाहेरून येणारं अडवायला पीएफसेन्सची फायरवॉल आणि लॉग गोळा करायला वाझू. प्रॉक्समॉक्स, पीएफसेन्स, वाझू, तिन्ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर, म्हणजे शिकलेला माणूस उद्या आपल्या कंपनीत पैसे न मागता ती बसवू शकतो. लॅबला इंटरनेट देणारी केबल लाल रंगाची आहे. वर्ग सुरू झाला की ती काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगतो. केबल खिळ्यावर दिसल्याशिवाय कुणी हल्ल्याचं टूल उघडायचं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी जोड्या लावतो. एकाने दुसऱ्याच्या कंपनीवर हल्ला करायचा, दुपारनंतर उलटं. पासवर्ड फोडायला किती वेळ लागतो ते स्वतःच्या हाताने बघितलेला माणूस संध्याकाळी घरी जाऊन आधी स्वतःचा पासवर्ड बदलतो. आमच्या दृष्टीने खरा दिवस तिसरा. त्या दिवशी आम्हीच पोरांच्या फायली लॉक करतो आणि म्हणतो, आता बॅकअपवरून परत आणा. पहिल्याच बॅचमध्ये एका पतसंस्थेतले पन्नाशीचे काका होते. रोज संध्याकाळी न चुकता बॅकअप घेणारे, रजिस्टरात तशी सही करणारे. त्यांनी घरून त्यांच्या बॅकअपची एक जुनी कॉपी आणली होती, तीच त्यांच्या लॅबमधल्या सर्व्हरवर उतरवायला दिली. फाइल उघडली, आत शून्य केबी. कितीतरी महिने रिकामी फाइल लिहिली जात होती. काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत. पतसंस्थेत जाऊन त्यांनी सगळं नीट लावलं आणि पुढच्या वर्गाला परत आले. तेव्हापासून आमच्या कोर्समध्ये बॅकअप घेण्याला मार्क नाहीत. परत उतरवून दाखवण्याला आहेत.

एक चूक मात्र आमची, ती सांगितलीच पाहिजे. 2019 च्या उन्हाळ्यात एका पोराने सोमवारी एनमॅप हे नेटवर्कवरची मशिन आणि उघडे पोर्ट शोधणारं टूल शिकलं आणि मंगळवारी कंपनीत जाऊन कुणाला न विचारता सगळ्या नेटवर्कवर जोरात स्कॅन मारला. साच्यांची वाळू तयार करणाऱ्या सँड प्लँटचा जुना पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा कंट्रोलर, त्या नेटवर्कवर होता. असे जुने कंट्रोलर एवढा मारा सहन करत नाहीत. तो हँग झाला, वाळू थांबली, मोल्डिंग थांबलं, फर्नेसमध्ये धातू तयार. चाळीस मिनिटं! मालकांनी मला बोलावून घेतलं. मी पोराला पाठीशी घातलं नाही आणि त्याच्यावर ढकललंही नाही. परवानगीचा धडा आम्ही शेवटच्या दिवशी ठेवला होता, तो पहिल्या तासाला हवा होता. आता पहिल्या तासाला प्रत्येक जण एक पत्र लिहितो: कुठल्या मशिन तपासणार, कधी, किती वाजेपर्यंत, काही बिघडलं तर कुणाला फोन करणार, आणि खाली मालकाची सही. आयटी कायद्याची कलमं 43 आणि 66 तेव्हाच वाचून घेतो. विनापरवानगी दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलं तर भरपाई द्यावी लागते, आणि तेच बेइमानीने किंवा फसवणुकीने केलं तर तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे पोरांना ठाऊक असायला हवं. 'इन्स्टाग्राम हॅक करायला शिकवता का' म्हणून येणाऱ्यांना आम्ही दारातूनच परत पाठवतो.

त्याच वर्षी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. आमचा गाळा तळमजल्याला. रात्री दोन सर्व्हर डोक्यावरून बाहेर काढले, तिसरा आणि सगळे मॉनिटर गेले. लॅबच्या इमेजची, म्हणजे सगळ्या मशिनच्या जशाच्या तशा प्रतींची, एक कॉपी मी घरी ठेवली होती, बॅकअप दुसऱ्या जागी हवा म्हणून. पण माझं घरही शाहूपुरीतच, दोन गल्ल्या पलीकडे, आणि पाणी तिथेही आलं. ती हार्डडिस्क माळ्यावर होती म्हणून वाचली. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत बाहेर, हा नियम मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिला होता. आता वर्गात कोल्हापूरचा नकाशा लावतो आणि पूररेषा दाखवतो. बाहेरची प्रत त्या रेषेच्या बाहेर पाहिजे. दिवाळीत आम्ही राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आलो. फाउंड्रीच्या त्याच शिरोलीच्या मालकांनी सहा महिन्यांची एएमसी आगाऊ दिली, त्यातून तिसरा सर्व्हर आला.

लॉकडाऊनचं वर्ष कसंबसं निघालं. ऑनलाइन वर्ग घेतले, पण ते आमच्या मनासारखे झाले नाहीत. शेजारी बसून माउस धरलेला हात बघितल्याशिवाय माणूस कुठे अडतोय ते मला कळत नाही. त्या काळात घरून कामासाठी गावभर 3389 पोर्ट उघडले गेले. ते बंद करून व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसात यायचा सुरक्षित रस्ता, लावायचं कामच आम्हाला वर्षभर पुरलं.

28 एप्रिल 2022 ला सर्ट-इनचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, आदेश आले: घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, लॉग 180 दिवस ठेवायचे. आम्ही लगेच सहा तासांचा सराव सुरू केला. सकाळी दहाला हल्ला, चारपर्यंत अहवाल. पहिल्या वेळी आठापैकी दोघांचाच पूर्ण झाला. त्यातली एक इचलकरंजीच्या एका बँकेतली मुलगी. अहवाल ठेवत म्हणाली, "सर, मी लॉग आधी दुसऱ्या मशिनवर घेतलो, मग बाकीचं केलो." पुरावा आधी, दुरुस्ती नंतर, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आज ती आमच्याकडे महिन्यातून एक सोमवार शिकवते.

सध्या मागच्या खोलीत कारखान्यांच्या यंत्रणेसाठी वेगळा बेंच उभा करतोय. सँड प्लँटवाल्या मालकांनी गेल्या वर्षी नवा कंट्रोलर बसवला आणि जुना उद्यमनगरच्या भंगारवाल्याला न देता आम्हाला पाठवला. फळीवर तो बसवलाय, त्याला एक छोटी मोटर आणि तीन दिवे जोडलेत. वायरिंग केलंय त्याच पोराने, आता तो एका मशिन शॉपमध्ये आयटी सांभाळतो. परवा चाचणी म्हणून त्याने 2019 चाच स्कॅन त्याच्यावर मारला. मोटर थांबली, दिवे तसेच अडकून राहिले. मग त्याने मध्ये फायरवॉल घातली, नेटवर्क वेगळं केलं आणि पुन्हा मारला. मोटर फिरत राहिली.