पार्सलसाठी गाडी थांबते, बाईसाठी नाही

दिवाळीत पुण्याहून अमरावतीला जायचं म्हणजे रेल्वेचं वेटिंग हलत नाही आणि ट्रॅव्हल्सवाले मागतील ते मोजावं लागतं. खासगी बसने एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही, असा सरकारचा २०१८चा निर्णय आहे. सणाच्या आठवड्यात तो कुणाच्या खिजगणतीतही नसतो. खालचे दोन बर्थ मिळाले यातच मी समाधान मानलं. आईला शुगर आहे, गुडघेही दुखतात.

वाघोलीला गाडी दीड तास उशिरा आली. तेही चालवून घेतलं असतं. पण नगरच्या अलीकडे ती एका गोदामापाशी वळली आणि पाऊण तास तिथेच उभी राहिली. डिकीत आणि टपावर माल चढत होता: टायर, कपड्यांचे गठ्ठे, खोकी. "खाली उतरू नका, लगेच निघायचंय," असं क्लीनर येता-जाता बजावत होता. पुढे जेवणाला थांबेल म्हणून सगळे गप्प बसले. तो थांबा झालाच नाही. मालापायी झालेला उशीर भरून काढायला गाडी संभाजीनगर, जालना मागे टाकून सरळ समृद्धीवर चढली.

दोनच्या सुमारास आईने मला हलवलं. बसने जायचं म्हणून तिने संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, तरी आता तिला थांबवत नव्हतं. मी पुढे गेले. केबिनच्या दाराला आतून कडी. बराच वेळ थापा मारल्यावर क्लीनरने फटीतून डोकं बाहेर काढलं.

"ताई, समृद्धीवर गाडी थांबवता येत नाही. फाइन पडतो."

तोवर आई बर्थच्या दांड्या धरत मागून आली. "बाबू, पाच मिनिटं थांबव ना रे. तुह्या मायसारखी आहो मी."

ड्रायव्हरने मान वळवली नाही. "झोपा मावशी. कारंज्याला उतरल्यावर बघू."

कारंजा अजून तासाभरावर होतं. समृद्धीवर वाटेल तिथे गाडी उभी करणं धोक्याचं आहे, हे मलाही पटतं. मग जालन्याला, वर चढण्याआधी थांबायला काय झालं होतं? आणि पेट्रोल पंप आहेत की मध्ये. मी आवाज चढवला. एकेक पडदा सरकायला लागला. तान्हं बाळ घेतलेली एक बाई येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, म्हणाली, "थांबवा हो, मलाही जायचंय." मग पंप आला आणि गाडी थांबली.

आईच्या मागोमाग सात-आठ बायका उतरल्या. सगळ्याच कितीतरी वेळ कळ काढत पडून होत्या. एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. मला ड्रायव्हरइतकाच याचा राग आला, अजूनही येतो. बाईने प्रवासात पाणी प्यायचं नाही, लघवीला जायचंय हे मोठ्याने बोलायचं नाही, हे आपण मुलींना शिकवतो आणि बसवाले त्यावर आपलं वेळापत्रक सांभाळतात.

दिवाळी छान झाली. परतीला आम्ही एसटी धरली. वेळ बराच जास्त लागला, एका स्टँडवरच्या स्वच्छतागृहात तर नाक धरून जावं लागलं. पण प्रत्येक मोठ्या स्टँडवर कंडक्टर "दहा मिनिटं आहेत" म्हणून सांगायचा आणि माणसं मोजल्याशिवाय डबल बेल देत नव्हता. तिथे काही बिनसलं, तर डेपोत तक्रार पुस्तक तरी मागता येतं.

ट्रॅव्हल्सच्या अमरावतीच्या ऑफिसात मी मुद्दाम गेले होते. काउंटरवरचा म्हणाला, अ‍ॅपवर टाका. अ‍ॅपवाले म्हणाले, बसमालकाशी बोला. मालकाचा नंबर कुणीच देईना. मधला थांबा कुठे आणि किती वाजता, हे तिकिटावर छापा आणि तो चुकवलात तर पैसे परत करा, इतकंच मी कागदावर लिहून नेलं होतं. तो कागद घेऊन पोच द्यायला तिथे कुणी तयार झालं नाही.