शाळेतली चिठ्ठी

गेल्या महिन्यात शाळेतनं चिठ्ठी आली, "अभ्यासात मागे आहे, सायकॉलॉजिस्टला दाखवून आणा." बस, एवढंच. कशात मागे, कधीपासनं, काही नाही. सासूबाईंनी पहिलं विचारलं, पोराला काय येड लागलंय व्हय? आणि खरं सांगते, माझ्यापण पोटात गोळाच आला.

पोरगा तिसरीला आहे. आम्ही बेळगावजवळच्या खानापूरकडचे, घरी मराठी, शाळा मराठी मिडीयम, त्यात कन्नड आणि इंग्लिश, म्हणजे एवढ्याशा जिवाला तीन लिप्या.

धारवाडला गेलो. मॅडमनी आधी कान-डोळे तपासून यायला सांगितलं, ते नीट निघाले, मग म्हणाल्या जुन्या वह्या दाखवा. नशीब रद्दीत घातल्या नव्हत्या. एका पानावर पंचवीसला ५२ लिहिलेलं, मी म्हटलं बघा मॅडम, हेच! त्या हसल्या. मराठीत आपण पाच आधी म्हणतो की, वीस नंतर. मग त्यांनी कन्नडात इप्पत्तैदु म्हटलं, त्यात वीस आधी येतात, तर गड्यानं बरोबर २५ लिहिलं. पण 'कमळ'चं 'मकळ' होतं, वाचताना ओळ सुटते, आणि असलं तिन्ही भाषांत. नुसतं कन्नडच अडलं असतं तर सवय नाही म्हणून सोडलं असतं, म्हणाल्या.

मग आयक्यू टेस्ट, म्हणजे बुद्धीची चाचणी, तीपण मराठीतनं. नंतर वाचलं की १९०५ ची फ्रान्समधली बिने ही बुद्धीचीच टेस्ट शाळेत मागे पडणारी पोरं ओळखायलाच काढलेली, आणि व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली तिची कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या पोरांसाठी आवृत्ती केली. आपल्या भागासाठीच केल्यासारखी की!

आयक्यू चांगला आला. अडचण लिहिण्या-वाचण्याची, लर्निंग डिसॅबिलिटी. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ती आहे, सर्टिफिकेट आठ वर्षं झाल्यावरच मिळतं, १४ आणि १८ ला परत तपासतात.

राग मात्र चिठ्ठीचा येतो. टीचर रोज त्याची वही बघतात, ओळ सुटते, अक्षरं मागंपुढं होतात, तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, एवढं दोन ओळीत लिहिलं असतं तर घरात येड-बिड शब्द तरी निघाला नसता. आता त्याच चिठ्ठीच्या मागं मीच हे सगळं लिहिलंय, सोमवारी रिपोर्टसोबत देणार.