जिना बरोबर, छप्पर बरोबर, आणि तरी डोकं आपटतंय

आधीच सांगते, मी आर्किटेक्ट नाही, इंजिनियर नाही, बँकेत काउंटरवर बसते. पण मागचे तीन महिने ऑफिसातून आलं की चहा, मग लॅपटॉप, मग स्केचअप (घराचं थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर), असं चाललंय आणि आता एक जिना आणि एक छप्पर मला झोपेतसुद्धा दिसतं.

घर रामबागेतलं, इंदूरला. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेलं. खाली स्लॅब पडलाय पण वर अजून जुना माळाच आहे, कवेलूचा. पुण्याकडचे कौलं म्हणतात, आम्ही कवेलूच म्हणतो. माळ्याच्या बाजूच्या भिंती 5 फुटांच्या, मध्ये आढं, आणि वर जायला मागच्या अंगणातून लाकडी जिना, त्याची एकेक पायरी 9 इंच उंच, पाऊल आडवं ठेवून चढावं लागतं. आई, म्हणजे सासूबाई, दोन वर्षांपासून वर गेलेल्याच नाहीत गुडघ्यांमुळे. तर ठरलं असं की माळ्याची नीट खोली करायची, भिंती जुन्याच ठेवायच्या कारण त्या चांगल्या आहेत, छप्पर नवीन पण उताराचंच, आणि मागची पत्र्याची जागा आत घेऊन तिथे चांगला जिना.

ओळखीतल्या एका इंजिनियरनी प्लॅन काढून दिला. कागदावर सगळं सुंदर. जिन्याच्या जागी आडव्या रेघा आणि वर जाणारा एक बाण, आणि छपराच्या जागी मधोमध एक रेघ आणि दोन्हीकडे उताराचे बाण, बस. मी विचारलं वर पोचल्यावर छपराची उंची किती राहील तर म्हणाले साइटवर ॲडजस्ट होऊन जाईल. हे वाक्य मला फार लागलं, कारण साइटवर ॲडजस्ट होतं ते नेहमी आपल्या खिशातून होतं. मग भाचा म्हणाला मामी स्केचअप शिक ना, ब्राउझरमध्ये फुकट चालतं. पूर्वी गूगलचं होतं, 2012 पासून ट्रिंबल कंपनीकडे आहे. बसले शिकायला.

पहिला आठवडा नुसता चिकटण्यात गेला. म्हणजे यात तुम्ही भिंत काढली, तिच्यावर छप्पर काढलं, की ते एकमेकांना चिकटतं, आणि मग छप्पर जरा सरकवावं तर भिंतीपण तिरक्या होऊन मागे येतात, जसं टेबलक्लॉथ ओढल्यावर सगळं ताट यावं तसं. मला वाटलं माझा माउस खराब आहे. मग कळलं की प्रत्येक वस्तू काढली की लगेच तिचा ग्रुप करायचा, भिंतींचा वेगळा, स्लॅबचा वेगळा, छपराचा वेगळा. हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे सात दिवस वाचले असते.

आता जिना. खालच्या फरशीपासून वरच्या स्लॅबपर्यंत टेप लावून मोजलं, 10 फूट 4 इंच. भागिले 18 पायऱ्या, म्हणजे एकेक पावणेसात इंचांच्या जरा वर, मस्त. एक पायरी काढली, तिचा कंपोनंट केला, म्हणजे हव्या तितक्या कॉपी काढता येतील असा तुकडा, मूव्ह टूलनी कोपऱ्यातून कोपऱ्यात एक कॉपी ठेवली आणि टाइप केलं 17 एक्स, म्हणजे अशा 17 कॉपी, एंटर, धडाधड जिना तयार. काय आनंद झाला सांगू, यांना किचनमधून हाक मारून दाखवला. हे म्हणाले छान आहे, पण शेवटची पायरी खोलीच्या आत का घुसलीये? बघते तर खरंच, सगळ्यात वरची पायरी वरच्या फरशीच्या बरोबरीत, आणि जिना 10 इंच जास्त लांब. झालं असं होतं की चढ, म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर जायची उंची, 18 असले तरी पाऊल ठेवायच्या जागा 17च लागतात, शेवटचा चढ तुम्हाला फरशीवरच नेऊन सोडतो. आणि जिना मध्ये वळणारा असला, म्हणजे अर्धा चढला की लँडिंग, मग उलटा फिरून उरलेला, तर दोन्ही तुकड्यांत एकेक कमी. वाचून सोपं वाटतं. मला दोन रात्री लागल्या.

मिस्त्री आले तेव्हा त्यांना लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "भाभीजी, ऊपर फर्श का क्या?" मी म्हणलं काय फर्श? तर वर स्लॅबवर मसाला आणि टाइल्स मिळून 2 इंच चढणार, ते मी धरलंच नव्हतं. तसंच बांधलं असतं तर बाकी सगळ्या पायऱ्या सारख्या आणि शेवटची एकटी 2 इंच उंच, आणि माणूस नेमका तिथेच ठेचकाळतो कारण पायाला तोवर सवय झालेली असते. म्हणजे उंची 10 फूट 6 इंच, 126 इंच. भागिले 18 बरोबर 7 इंच, एकही सूत (इंचाचा आठवा भाग) इकडेतिकडे नाही. मी म्हणलं चला, देवानीच हिशोब जुळवला.

तेवढ्यात आईंनी विचारलं किती पायऱ्या. चढ मोजून अठरा म्हणल्यावर त्यांचा चेहराच पडला. जिन्याच्या पायऱ्या विषम हव्यात, सम चालत नाहीत. मी वाद घातला नाही, कारण चढणाऱ्या त्याच आहेत. मग सतरा की एकोणीस? सतरा केल्या तर प्रत्येक चढ 7.41 इंच, म्हणजे 188 मिलिमीटर. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घरातल्या जिन्याला चढ जास्तीत जास्त 190 आणि पायरीची रुंदी कमीत कमी 250 मिलिमीटर सांगितलीये, त्यात बसतं पण अगदी काठावर. एकोणीस केल्या तर 6.63 इंच, 168 मिलिमीटर. गुडघ्यांना अर्थातच हे बरं. आणि एक जुना हिशोब आहे, चढाची दुप्पट अधिक पायरीची रुंदी साधारण 600 ते 640 मिलिमीटरमध्ये यायला हवी, म्हणजे आपल्या चालीशी जिना जुळतो. सतराव्या शतकातल्या ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच माणसाचा हा नियम. 10 इंचांची पायरी घेतली तर 590 येत होतं, म्हणजे जरा तुटक तुटक चाल, साडेदहा इंच केल्यावर 603 आलं. जागा लांबीला 11 फूट. पहिल्या तुकड्यात 10 चढ, 9 पायऱ्या, साडेचौऱ्याण्णव इंच, अधिक 3 फुटांचं लँडिंग, झाले साडे 130 इंच. 11 फूट म्हणजे 132. दीड इंच उरला! त्या दिवशी मी यांना न सांगता सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाऊन आले.

पण 6.63 टाइप करायला गेले तर ते 6 पूर्णांक पाच अष्टमांश दाखवतं आणि पुढे एक नागमोडी चिन्ह लावतं. ते चिन्ह म्हणजे हा आकडा अंदाजे आहे, खरा थोडा वेगळा. मी ते दुर्लक्ष करून पाच अष्टमांशच धरलं आणि 19 वेळा जोडल्यावर वर 1 सूत कमी पडलं. मिस्त्री हसले, एक सूत तो प्लास्टर खा जाता है. त्यांचं बरोबर आहे, पण मॉडेलमध्ये त्या एका सुताच्या फटीनी वरची फरशी आणि जिना जुळेचना. शेवटी सोपी युक्ती सापडली: 126 इंचांची एक उभी रेघ काढायची, तिच्यावर राइट क्लिक करून डिव्हाइड, 19. ते बिंदू पकडून पायऱ्या काढायच्या, आकडा टाइपच करायचा नाही.

मधल्या काळात बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, एक फर्माइश, लँडिंगखाली टॉयलेट काढू. मोजलं तर लँडिंग साडेपाच फुटांवर, स्लॅबची जाडी गेली की खाली उरतात 5 फूट 1 इंच. बाबा म्हणे बसूनच तर जायचंय. नाही म्हणलं. तिथे इन्व्हर्टर आणि पाण्याची मोटर.

छपराचं प्रकरण वेगळंच. उतार 25 अंश ठरला, इंग्रजी कवेलू म्हणजे मंगलोरी टाइल बसवायची होती आणि मालव्यातला पाऊस लागला की चार चार दिवस थांबत नाही, त्यामुळे त्याहून कमी उतार नको होता. 25 अंश म्हणजे एक फुटामागे साडेपाच इंचांच्या जरा वर. भिंतीला 5 फूट तर मध्ये आढ्याला 9 फूट 4 इंच. वासे लाकडाचे की लोखंडी पाइपचे यावर घरात एक रविवार गेला. बाबा म्हणाले 1984 साली इथला राजवाडा जळाला तेव्हा मी बघायला गेलो होतो, खालचे तीन मजले दगडाचे ते उभे राहिले, वरचे लाकडाचे गेले, लोखंड घाला. विषय संपला.

त्रिकोण काढून पुश-पुलनी लांब ओढला की साधं छप्पर एका मिनिटात होतं. पण बाबांना गल्लीच्या बाजूला एक छप्परवाली खिडकी हवी होती, मोठ्या छपरातून आडवी बाहेर डोकावणारी. इथे माझी खरी परीक्षा. छोटं छप्पर मोठ्याला जिथे मिळतं ती तिरकी रेघ मी हातानी काढत होते आणि दर वेळी एखादा तुकडा असा वाकडा व्हायचा की मॉडेलमध्ये उतार उलटाच, वळचणीचं पाणी आढ्याला. रीत अशी निघाली की छोटं छप्पर मुद्दाम जास्त लांब करून मोठ्यात खुशाल घुसवायचं, मग इंटरसेक्ट फेसेस दाबायचं, ते स्वतःच जिथे जिथे दोन्ही कापतात तिथे रेघा मारतं, आणि आतला फालतू भाग पुसून टाकायचा.

रेघ मिळाली आणि सहज तिचा कोन मोजला, तर 18 अंश! दोन्ही छपरं 25ची आणि त्यांच्यामधली नाली 18ची? मला वाटलं परत चुकले. पण नाही, ती नाली नकाशात तिरकी जाते म्हणजे तेवढंच खाली उतरायला लांबचा रस्ता घेते, म्हणून चपटी पडते. आणि पाणी दोन्ही छपरांचं तिथेच येणार. मिस्त्रींना न विचारताच त्यांनी बोट ठेवलं, "ये नाली टपकेगी." जस्ती पत्रा घालून होतं असंही म्हणाले, पण बाबांनीच खिडकी सोडून दिली आणि त्याऐवजी चार काचेची कवेलू टाकायची ठरली. माझे दहा दिवस गेले ते गेले.

(मध्ये मी एक वेडेपणा केला, एकेक कवेलू खरं वळणदार काढून सगळ्या छपरावर मांडलं. हजाराच्या घरात झाली. लॅपटॉपचा पंखा कुकरसारखा वाजायला लागला आणि पान उघडेचना. नुसतं चित्र चिकटवा, पुरतं.)

तर जिना झाला, छप्पर झालं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मग सेक्शन प्लेन लावला, म्हणजे घर केकसारखं कापून आतलं दिसतं, आणि त्यात तो उभ्या माणसाचा पुठ्ठा असतो ना तो ओढून 5 फूट 10 इंच केला, यांची उंची. जिना चढून वर पोचतो तिथे वरच्या फरशीवर नेऊन उभा केला. डोकं कवेलूच्या बाहेर!

मी बघतच राहिले. जिना बोळीकडच्या भिंतीला लागून, साडेसहा फूट रुंदीचा, 3 फुटांचे दोन तुकडे, मध्ये 6 इंच मोकळे. प्लॅनमध्ये चढायला सुरुवात आतल्या बाजूनी आणि वर पोचायचं भिंतीच्या बाजूनी. म्हणजे वर येणारा माणूस भिंतीपासून दीड फुटावर, आणि तिथे छप्पर 5 फूट 8 इंच. नेमकं सगळ्यात बुटक्या जागी आम्ही माणसाला वर आणत होतो. आणि हे ते साइटवरचं ॲडजस्टमेंट.

दोन दिवस भिंती उंच करायच्या गप्पा झाल्या, छपराचा उतार वाढवायच्या झाल्या, खर्चाचे आकडे झाले. मग मी नुसतंच खेळता खेळता अख्खा जिना सिलेक्ट करून आरशासारखा उलटा केला. आता सुरुवात भिंतीकडून, आणि वर पोचायचं आतल्या तुकड्यानी, भिंतीपासून 5 फुटांवर. तिथे छप्पर 7 फूट 4 इंच. पुठ्ठ्याचा माणूस ताठ उभा. ना भिंत वाढली, ना उतार, ना एक पैसा.

यांचा तरी विश्वास बसेना. रविवारी माळ्यावर गेलो, भिंतीला 5 फुटांवर खिळा, मध्ये बांबू उभा करून 9 फूट 4 इंचांवर दोरी, आणि यांना दोरीखालून चालवलं. दीड फुटावर कपाळाला दोरी लागली, 5 फुटांवर हात वर केला तेव्हा कुठे लागली. आई खालून विचारत होत्या, वर काय नाच चाललाय.

फक्त एक, जिना आता जिथून सुरू होतो तिथेच विजेचा मीटर आहे. तो हलवायला अर्ज दिलाय. मिस्त्रींनी तोवर मागच्या भिंतीवर खडूनी एकोणीस रेघा मारून ठेवल्यात, आणि आई रोज दुपारी त्या मोजून येतात.