भरल्या गाडीचं नाचणारं स्टीअरिंग

नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला जाणारी एक पिकअप गॅरेजला आली. पुढे सरळ अॅक्सल, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं ती. साठ-पासष्ट क्रेट भरलेले असताना 55-60 च्या वेगात पुढचं चाक पुलाच्या जोडावर आपटलं, की स्टीअरिंग हातातून निसटेल अशा जोराने डावी-उजवीकडे झटके मारायचं. वेग 25 च्या खाली आल्याशिवाय थांबायचं नाही. रिकामी परतताना मात्र त्याच पुलावर काहीच होत नव्हतं.

गाडीवर आधीच भरपूर खर्च झाला होता. पुढचे दोन्ही टायर नवे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, चारी टाय रॉड एन्ड (स्टीअरिंगच्या दांड्यांचे सांधे) बदललेले आणि शेवटी टाय रॉडवर, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीवर, बसवलेला डॅम्पर. डॅम्परमुळे नाचणं थोड्या वरच्या वेगाला गेलं, बंद झालं नाही. बंद होणारही नव्हतं. डॅम्पर झटका शोषून घेतो, ढिला झालेला भाग घट्ट करत नाही.

बॅलन्सिंगचा दोष आणि हा दोष यांत गल्लत फार होते. 215/75 आर 15 मापाचं चाक साठच्या वेगाला सेकंदाला साधारण साडेसात फेऱ्या मारतं. बॅलन्स बिघडला असेल तर प्रत्येक फेरीला एक धक्का बसतो, तोही गुळगुळीत रस्त्यावर, आणि वेग वाढवला की बऱ्याचदा कमी होतो. इथे सपाट रस्त्यावर स्टीअरिंग शांत होतं. सुरुवात व्हायला धक्का लागत होता आणि एकदा सुरू झालं की दोन्ही चाकं किंगपिनभोवती झुलत राहायची. अशा झुलण्याला दोन गोष्टी लागतात : कुठेतरी प्ले (सांध्यातला ढिलेपणा), आणि झुलण्याला जोर देणारी चाकाची भूमिती.

प्ले शोधताना गाडी जॅकवर चढवायची घाई करू नये. आधी चाकं जमिनीवर, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर, इंजिन चालू. एकाने स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सारखं फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा : स्टीअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, ड्रॉप आर्म (बॉक्सचा हात), ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारी दांडी), टाय रॉडची दोन्ही टोकं, पाट्यांचे शॅकल (टोकांच्या कड्या), पाटा अॅक्सलला बांधणारे यू बोल्ट. डोळ्यांना न दिसणारी टकटक बोटांना कळते. इथे सगळे सांधे ठीक निघाले.

मग अॅक्सलखाली जॅक लावून चाक उचललं, बाजूला घोडी (टेकू) लावली. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवलं तर उजवीकडे स्पष्ट प्ले. हा प्ले हबच्या बेअरिंगचा की किंगपिनचा, हे एका सोप्या युक्तीने ठरतं. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. इथे प्ले तसाच राहिला.

ग्रीसचा पंप उजव्या खालच्या निप्पलला (ग्रीस भरायच्या तोटीला) लावला तर ग्रीस आत जाईना, पंपाच्या तोंडाशीच बाहेर येई. निप्पल बदलला, तरी तेच. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, ग्रीसिंग तर दर महिन्याला करतो." करत होता, पण ग्रीस पोचत नव्हतं.

पिन प्रेसवर काढली तेव्हा कारण दिसलं. खालच्या बुशचं (पिन ज्यात बसते त्या नळीचं) ग्रीसचं भोक निप्पलच्या भोकासमोर नव्हतंच. पाव फेरी सरकवून बुश दाबलेला होता. आत ग्रीसचा थेंब नाही, विटकरी रंगाची कोरडी भुकटी. बुश एका बाजूला घासून लंबगोल झालेला, पिनेवर नखाला लागेल अशी पायरी पडलेली. त्याच्या वरचं थ्रस्ट बेअरिंगही (अॅक्सलचं वजन पेलणारं) कोरडं आणि खरखरीत.

पण नुसत्या खराब किंगपिनमुळे भरलेली गाडीच का नाचावी? उत्तर डॅशबोर्डच्या खणातल्या अलाइनमेंटच्या कागदावर होतं. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) हिरव्या रंगात, कास्टर (किंगपिनचा मागे कल, ज्यामुळे वळणानंतर स्टीअरिंग सरळ होतं) साडेपाच अंश, लाल, म्हणजे मर्यादेबाहेर. सरळ अॅक्सलला कास्टर जुळवायचा बोल्ट नसतो, म्हणून तो आकडा कुणी वाचला नाही. वाकून पाहिलं तर दोन्ही बाजूंना पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये तीन अंशांची पाचर, जाड बाजू मागे. पाटा अॅक्सलच्या वर असताना जाड बाजू मागे ठेवली की कास्टर वाढतो. ड्रायव्हरला विचारल्यावर उलगडा झाला. वळणानंतर स्टीअरिंग परत येत नव्हतं म्हणून आधी कुणीतरी पाचर घातली होती. परत येत नव्हतं ते पिन कोरडी होती म्हणून! आणि क्रेट भरले की मागचे पाटे बसतात, चेसिस मागे कलते, पाट्यांबरोबर पुढचा अॅक्सलही कलतो आणि कास्टर आणखी अंशभर वाढतो. जास्त कास्टर आणि ढिला किंगपिन एकत्र आले की धक्क्यानंतर चाक झुलायचं थांबत नाही. अलाइनमेंट रिकाम्या गाडीवर झालं होतं, त्यामुळे भरल्यावरचा आकडा कुणाला दिसलाच नाही.

दुरुस्ती : दोन्ही पाचरी काढल्या. किंगपिनचा किट दोन्ही बाजूंना बदलला. एकाच बाजूचा बदलू नये. बुश दाबण्याआधी भोकासमोर भोक येईल अशी खूण केली आणि दाबल्यावर तारेने तपासलं. वरचा आणि खालचा बुश लांब रीमरने एका रेषेत रीम केला, म्हणजे आतून मापाला कोरला. वेगवेगळे रीम केले तर पिन तिरकी बसते आणि स्टीअरिंग पुन्हा जड होतं. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे, स्वतःहून पडता कामा नये. थ्रस्ट बेअरिंग खालच्या बाजूला, त्याचं झाकण वर, म्हणजे पाणी आत शिरत नाही. वरच्या फटीत शिम (पातळ चकत्या) असे घातले की फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) सगळ्यात पातळ पात जेमतेम जाईल. ग्रीस चाक हवेत असतानाच भरलं; वजन असताना ते थ्रस्ट बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही. निप्पलला पंप लावल्यावर बुशच्या दोन्ही कडांतून नवं ग्रीस बाहेर आलं, तेव्हा पुढचं काम घेतलं. यू बोल्ट नवे टाकले, एकदा उघडलेले परत वापरत नाही. शेवटी टो-इन मॅन्युअलच्या आकड्यावर आणलं.

चाचणी मुद्दाम डॅम्पर काढून घेतली, नाहीतर राहिलेला दोष त्यात लपला असता. गाडी पूर्ण भरली, त्याच पुलावरून आधी 40, मग 50, 60 आणि 70 ने नेली. जोडावर एक हलका झटका, पुढे काही नाही. वळणानंतर स्टीअरिंग स्वतःहून सरळ. कास्टर रिकाम्या गाडीत अडीच, भरलेल्या गाडीत साडेतीन अंश भरला. डॅम्पर परत बसवला नाही. 500 किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा कसून घ्यायला गाडी बोलावली आणि ड्रायव्हरला पेट्रोल पंपावर ग्रीसिंग करताना समोर उभं राहून चारी बुशच्या कडांकडे बघायला सांगितलं.