तुम्ही विचारलंत म्हणून : उरलेले 90 टक्के जातात कोठे?

परिसंस्थेचा धडा शिकवून झाला की विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. अन्नसाखळीत एका पोषण पातळीवरून (म्हणजे वनस्पती, त्या खाणारे प्राणी, त्या प्राण्यांना खाणारे प्राणी अशा पायऱ्यांपैकी एकीवरून) पुढच्या पातळीवर सुमारे 10 टक्केच ऊर्जा पोहोचते, हे वाक्य सर्वांना पाठ असते. मग उरलेले 90 टक्के जातात कोठे? 'उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात' हे ठरावीक उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे, आणि त्यावर समाधान मानले की परिसंस्थेचा निम्मा कारभार नजरेआड होतो. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

पाने खाणाऱ्या एका अळीकडे पाहू. झाडाने प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेले सगळे अन्न तिच्या वाट्याला येतच नाही. त्यातला बराच भाग झाड स्वतःच्या श्वसनासाठी वापरते, उरलेल्यातून खोड, मुळे आणि पाने वाढतात, आणि त्यांतली बहुतेक पाने कोणी न खाताच गळून पडतात. जे पान अळीच्या पोटात गेले, त्याचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. तिने 100 एकक ऊर्जेचे अन्न खाल्ले असे धरले, तर ढोबळमानाने 50 एकके न पचता विष्ठेतून बाहेर पडतात, 33 एकके तिच्या श्वसनात खर्च होतात आणि जेमतेम 17 एककांचे रूपांतर अळीच्या शरीरात होते. पक्ष्याच्या चोचीत जाते ते हे शरीर. पक्ष्याला मिळू शकते ती एवढीच ऊर्जा, आणि तीही ती अळी त्याला सापडली तर.

म्हणजे ऊर्जा 'गेली' असे आपण म्हणतो तेव्हा ती तीन निरनिराळ्या वाटांनी गेलेली असते : काही अन्न खाल्लेच जात नाही, काही खाल्ले तरी पचत नाही, आणि काही श्वसनात खर्च होते. यांपैकी तिसऱ्या वाटेनेच ऊर्जा त्या क्षणी उष्णता होऊन निसटते. गळलेल्या पानात, विष्ठेत आणि मृत शरीरात ती रासायनिक रूपात शिल्लकच असते, आणि तिच्यावर जिवाणू, बुरशी, गांडुळे यांचे एक संपूर्ण जग पोसले जाते. बहुतेक जंगलांत जिवंत पाने खाणाऱ्या प्राण्यांपेक्षा या मृत द्रव्यावर जगणाऱ्यांच्या वाट्याला कितीतरी अधिक ऊर्जा येते. अन्नसाखळीच्या आकृतीत या विघटकांना कोपऱ्यात एक लहानशी चौकट मिळते, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

विघटकही श्वसन करतात, त्यामुळे त्यांनी मिळवलेली ऊर्जाही अखेर उष्णताच होते. उष्णतेपासून अन्न तयार करू शकणारा एकही सजीव नाही; हिरव्या वनस्पतींनाही त्यासाठी प्रकाशच लागतो. म्हणून परिसंस्थेतून ऊर्जा एकाच दिशेने वाहत जाते आणि सूर्याकडून तिचा पुरवठा सतत व्हावा लागतो. द्रव्याचे तसे नाही. अळीच्या विष्ठेतील नायट्रोजन विघटकांच्या हातून मातीत मोकळा होतो व मुळांवाटे पुन्हा पानात जातो, तर श्वसनातून बाहेर पडलेला कार्बन हवेतून पुन्हा पानात येतो. ऊर्जा वाहते आणि द्रव्य फिरते, हा फरक ज्याला नीट कळला त्याला पुढची प्रकरणे जड जात नाहीत.

आता त्या 10 टक्क्यांविषयी. हा आकडा ढोबळ सरासरी म्हणून उपयोगी आहे, निसर्गनियम म्हणून नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग सरोवराचा अभ्यास करून रेमंड लिंडेमन यांनी पोषण पातळ्यांमधील ऊर्जेचा हिशेब प्रथम पद्धतशीरपणे मांडला. त्यांचा निबंध 1942 साली छापून आला, पण त्याआधीच वयाच्या 27व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या हिशेबात प्राथमिक भक्षकांची (वनस्पती खाणाऱ्यांची) कार्यक्षमता, म्हणजे आधीच्या पातळीवरील ऊर्जेतला त्यांनी मिळवलेला वाटा, 13.3 टक्के, तर द्वितीयक भक्षकांची (त्यांना खाणाऱ्यांची) 22.3 टक्के आली. पुढे हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा हिशेब 1957 साली प्रसिद्ध केला. तेथे दर चौरस मीटरला वर्षाकाठी वनस्पतींचे एकूण उत्पादन 20,810 किलोकॅलरी होते. शाकाहारी प्राण्यांकडे त्यातले 3,368 पोहोचले, मांसाहारींकडे 383 आणि सर्वोच्च भक्षकांकडे अवघे 21. म्हणजे अनुक्रमे सुमारे 16, 11 आणि साडेपाच टक्के. विघटकांचा वाटा होता 5,060, शाकाहारींच्या कितीतरी वर.

हे प्रमाण प्राण्याच्या शरीरक्रियेवरही अवलंबून असते. पक्षी व सस्तन प्राणी शरीराचे तापमान कायम राखण्यातच इतकी ऊर्जा खर्च करतात, की पचलेल्या अन्नापैकी साधारण 1 ते 3 टक्केच त्यांच्या वाढीत उतरते. माशांमध्ये हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास, तर कीटकांमध्ये सरासरी 40 टक्क्यांपर्यंत जाते.

अन्नसाखळी बहुधा चार-पाच कड्यांतच का संपते आणि मोठे शिकारी प्राणी संख्येने इतके कमी का असतात, याचे बरेचसे उत्तर सिल्व्हर स्प्रिंग्जच्या त्या 21 किलोकॅलरींमध्ये आहे. सगळे उत्तर मात्र नाही. काही सरोवरांच्या तुलनेत असे दिसले आहे, की अन्नसाखळीची लांबी उत्पादनापेक्षा सरोवराच्या आकारमानाशी अधिक जुळते. विद्यार्थ्यांनी एकाच कारणावर सगळा भार टाकू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

यालाच जोडून येणारी शंका मनोऱ्याची, म्हणजे पोषण पातळ्या एकावर एक रचून काढलेल्या आकृतीची असते. समुद्रात कधीकधी जैवभाराचा (सजीवांच्या एकूण वजनाचा) मनोरा उलटा, म्हणजे खाली अरुंद आणि वर रुंद दिसतो. इंग्लिश खाडीतील एका प्रसिद्ध उदाहरणात दर चौरस मीटरला वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) 4 ग्रॅम, तर त्यांवर जगणारे प्राणिप्लवक (तरंगणारे लहान प्राणी) 21 ग्रॅम भरले. यात ऊर्जेचा नियम कोठेही मोडत नाही. वनस्पतिप्लवक झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात, त्यामुळे एका क्षणी पाण्यात त्यांचे वजन थोडेच सापडते, पण वर्षभरातले उत्पादन मोठे असते. जैवभार हा त्या क्षणीचा साठा आहे, ऊर्जेचा मनोरा हा ठरावीक काळातला प्रवाह आहे. म्हणूनच ऊर्जेचा मनोरा कधी उलटा होत नाही.

तेव्हा उत्तरपत्रिकेत आकृती काढाल तेव्हा प्रत्येक पातळीवरून तीन बाण काढा : एक पुढच्या पातळीकडे, एक विघटकांकडे आणि एक उष्णतेकडे. विघटकांच्या चौकटीतूनही उष्णतेचा एक बाण बाहेर जातो आणि पोषकद्रव्यांचा एक बाण उत्पादकांकडे परततो. हे दोन बाण बहुतेकांच्या आकृतीत नसतात, आणि त्यांच्यावाचून 90 टक्क्यांचा हिशेब पुरा होत नाही.