फिजीचं तिकीट आणि सिंगापूरच्या पट्ट्यावरची बॅग

फिजीला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, म्हणून आम्ही दोघं निर्धास्त होतो. पर्यटक म्हणून चार महिने राहता येतं, पासपोर्ट पुढे सहा महिने वैध हवा आणि परतीचं तिकीट हवं. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे चक्रीवादळांचे, म्हणून जून ठरवला. रजा, हॉटेल, पैसे सगळं आठवड्यात झालं. त्यानंतरचे तीन आठवडे गेले ते एका बॅगेपायी.

भारतातून तिकडे थेट विमान नाही. मुंबई ते सिंगापूर साधारण साडेपाच तास, तिथून फिजीचा मोठा विमानतळ असलेलं नादी दहा तास. (लिहितात नादी, म्हणतात नांदी. मला हे नाव फार आवडलं.) एका बुकिंग साइटवर दोन्ही टप्पे एकत्र दिसले, किंमत एकच, पैसेही एकदाच भरले. ईमेलमध्ये मात्र पीएनआर, म्हणजे बुकिंगचे नंबर, दोन आले. भाच्यानं ते पाहिलं आणि विचारलं, "मावशी, सिंगापूरला तुमच्या बॅगा कोण उचलणार?"

पहिलं विमान एका कंपनीचं, दुसरं दुसरीचं, आणि दोघींचा आपसात करार नाही. म्हणजे मुंबईत दिलेली बॅग सिंगापूरच्या पट्ट्यावर येणार. ती घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर पडावं लागणार, आणि बाहेर पडायचं तर सिंगापूरचा व्हिसा हवा.

साइटच्या कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, सिंगापूरला ट्रान्झिटला व्हिसा लागत नाही." मी बॅगेचं सांगितलं. पुन्हा तेच वाक्य. ते वाक्य खरं आहे, पण बॅग थेट पुढे जाणाऱ्यांसाठी! दहा दिवसांत सात फोन केले, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. तिकीट रद्द करा म्हटलं तर पहिल्या टप्प्याचा एक रुपयाही परत नाही. 'सेल्फ ट्रान्सफर' (म्हणजे मधल्या विमानतळावर बॅग स्वतःच घेऊन पुढच्या विमानाला द्यायची) असं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते तुम्ही मान्य केलंत, हे उत्तर. पन्नाशीतल्या माणसाला त्या दोन शब्दांतून व्हिसा काढावा लागेल हे कळावं, अशी अपेक्षा कुणी कशी धरतं? मला आजही याचा राग येतो.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल तर सिंगापूरमध्ये ९६ तासांची सवलत मिळू शकते. आमच्याकडे तसला कुठलाच नव्हता. फक्त हातातली बॅग घेऊन जायचा विचार केला, पण दोन वेगळ्या तिकिटांवर मुंबईच्या काउंटरवरच अडवलं तर? शेवटी एजंटामार्फत व्हिसाचा अर्ज केला. शुल्क ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटाचे पैसे. माझा फोटो परत आला, मागचा पडदा निळसर होता. पांढरी पार्श्वभूमी आणि ३५ बाय ४५ मिलिमीटर, स्टुडिओत हे आधीच सांगा.

व्हिसा ईमेलनं आला त्या रात्री मी नीट झोपले. तो अनेक प्रवेशांचा होता, म्हणून परतीचीही काळजी मिटली. मुंबईच्या काउंटरवर मुलीनं पहिला प्रश्न विचारला तो सिंगापूरच्या व्हिसाचाच.

तिकीट काढताना आधी पीएनआर एकच आहे का ते पाहा. दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील.

आणखी एक राहिलं. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. आणि हॉटेलची तारीख नीट मोजा: फिजी आपल्यापुढे साडेसहा तास, आम्ही मुंबई सोडली दहा तारखेला रात्री आणि नांदीत उतरलो बारा तारखेला.

व्हिसा होता म्हणून अकरा तारखेचा दिवस सिंगापूरच्या चांगी विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल या मॉलमध्ये घालवता आला. तिथला चाळीस मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे. आम्ही दोघं त्याच्यासमोर तासभर बसलो होतो.

नांदीत खाद्यपदार्थांची तपासणी कडक असते. मी चिवडा फिजीच्या अरायव्हल कार्डावर लिहिला होता. तिथल्या बाईंनी पिशवी उघडून पाहिली, तिकडच्या हिंदीत विचारलं, घरी केलाय का? मी हो म्हटलं. त्यांनी पिशवी बांधून परत दिली.